पुणे ते गोवा, आई किंवा बाबा आणि मूल: वाटेवरच्या थांब्यांचा खर्च आणि हिशेब

एक मोठे माणूस, एक मूल आणि साडेचारशे किलोमीटरचा रस्ता असा प्रवास अनेक घरांत दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ठरतो. बेत मात्र बहुतेक वेळा गोव्यात पोहोचल्यानंतरचाच आखला जातो. वाटेचा विचार ‘भूक लागली की थांबू’ एवढ्यावरच सुटतो. मग मूल कंटाळते, चालवणारा दमतो आणि जिथे गाडी उभी राहील तिथे मिळेल त्या भावाने मिळेल ते घेतले जाते. न ठरवलेला थांबा असा खिशाला आणि मनाला दोन्हीकडून महाग पडतो.

या लेखात पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी या मार्गाचा थांब्यांसह हिशेब मांडला आहे. घरून निघणारे दोघेच आहेत, मूल सहा ते बारा वर्षांचे आहे आणि गाडी चालवणारे माणूस एकच आहे असे धरले आहे. रकमा अंदाजपत्रकासाठी आहेत. पेट्रोलचा आणि टोलचा त्या दिवसाचा दर घालून आपापला आकडा काढावा.

थांबा निवडायची कसोटी

पाहण्यासारखी ठिकाणे या वाटेवर ढीगभर आहेत, पण सगळीच मुलाच्या कामाची नाहीत. एखादे ठिकाण यादीत घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. महामार्गापासून आत किती? जाऊन-येऊन पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ते ठिकाण थांब्यात धरू नका, त्यासाठी वेगळी सहल काढा. साताऱ्याहून कास पठार सुमारे २५ किलोमीटर आत आहे. ते ‘जाता जाता’ होत नाही.

२. मुलाला तिथे हातापायांनी करण्यासारखे काही आहे का? पायऱ्या उतरणे, मोजणे, शोधणे, हात लावून पाहणे यांपैकी काही तरी हवे. नुसते बघून परत फिरायचे असेल, तर मूल दहा मिनिटांत ‘चल ना’ म्हणते.

३. स्वच्छतागृह कुठे आहे? ठिकाणावर नसेल, तर त्याआधीच्या पेट्रोल पंपावर थांबून मगच पुढे जायचे.

४. त्या वेळी ऊन किंवा पाऊस कसा असेल? उघड्यावरची ठिकाणे सकाळी, सावलीची दुपारी.

साधारण दीड-दोन तास गाडी चालली की एक थांबा घ्यावा. मुलाचे पाय मोकळे होतात आणि एकट्याने चालवणाऱ्याचे डोळेही. दिवसात दोन मोठे थांबे पुरेत, तिसरा मोठा घेतला की तो दोघांनाही ओझे होतो.

पहिला दिवस: पुणे ते कोल्हापूर, सुमारे २४० किलोमीटर

सकाळी साडेसहाला निघालात तर खेड शिवापूरच्या नाक्यावरची गर्दी टळते. पहिला छोटा थांबा शिरवळच्या आसपास घ्यावा. पुढे खंबाटकीचा घाट आहे, म्हणून स्वच्छतागृह आणि नाश्ता दोन्ही इथेच उरकावे. दोघांच्या पोहे-इडली-चहादुधाला २०० रुपये धरा.

*लिंबची बारा मोटांची विहीर.* आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. तिथून विहीर तीनेक किलोमीटर आत, शेतांमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून झाली आणि बांधणाऱ्या म्हणून वीरूबाई भोसले यांचे नाव सांगितले जाते. विहीर अष्टकोनी असून सुमारे ११० फूट खोल आहे. विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे.

मुलासोबत इथे घाई करू नका. आधी वर थांबा आणि मोटा बसवायच्या जागा त्याला मोजायला लावा. मग सांगा: इथे बैल जुंपलेले असत, ते उताराने खाली गेले की दोर ओढला जाई आणि चामड्याची मोट भरून वर येई. अशा बारा मोटा एकाच वेळी चालत. त्यानंतर जिन्याने खाली जा, महालातला गारवा अनुभवू द्या आणि खांबांवर कोरलेले प्राणी शोधायला सांगा. शाळेच्या पुस्तकात ‘सिंचन’ हा शब्द वाचलेल्या मुलाला पाणी वर काढायला किती ताकद लागते, हे इथे डोळ्यांना दिसते. वेळ पाऊण तास, तिकीट नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. पाण्याच्या कडेला मुलाचा हात एक क्षणही सोडू नये.

*कराडचा प्रीतिसंगम.* लिंबपासून कराड ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन पुढे वाहतात. दोन नद्या तिरक्या येऊन मिळतात असेच चित्र मुलांच्या डोक्यात असते, म्हणून हा संगम त्यांना वेगळा वाटतो. घाटावर बसून एका कागदावर दोन्ही नद्यांचे बाण काढायला द्या. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी इथेच आहे, बाजूला बागही आहे. उन्हाळ्यात भर दुपारी घाट तापतो, तेव्हा आधी जेवून घ्यावे आणि इथे वीस मिनिटेच थांबावे. दोघांच्या जेवणाला ३५० रुपये धरा.

कराडपासून कोल्हापूर पाऊणशे किलोमीटर. सातारा-कोल्हापूर टप्प्यात रुंदीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते लागतात. या पट्ट्यासाठी अर्धा-पाऊण तास जादा हाताशी ठेवा. दुपारी तीन-साडेतीनपर्यंत कोल्हापुरात पोहोचून मुलाला तासभर आडवे होऊ द्या. संध्याकाळी रंकाळा तलावाकाठी पायी फेरी मारली तरी पुष्कळ झाले.

पन्हाळा खुणावेल, कारण तो फक्त २० किलोमीटरवर आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. पण दिवसभराच्या प्रवासानंतर दमलेल्या मुलाला गडावर नेले तर अंबारखान्याची प्रचंड कोठारेही त्याला ‘आणखी एक भिंत’ वाटतील. पन्हाळा परतीच्या प्रवासाला राखून ठेवा. जाताना सगळे उरकून टाकले की येतानाच्या वाटेत काहीच उरत नाही.

दुसरा दिवस: कोल्हापूर ते पणजी, सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर

*कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय.* कोल्हापूर सोडल्यावर महामार्गाला लागूनच कणेरीचा फाटा आहे. माणसाएवढ्या पुतळ्यांतून इथे बलुतेदारी असलेले गाव उभे केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी यांची कामे, आटोपशीर घरे, गोठे, बाजार असे सगळे उघड्या मैदानात पसरलेले आहे. मुलाला एक खेळ द्या: ‘यातली कोणती कामे आज यंत्र करते आणि कोणती अजून माणूसच करतो?’ उत्तरे शोधता शोधता ते आपसूक थांबून बघते. आजोळच्या गावाच्या गोष्टी सांगायला आईबाबांनाही इथे विषय मिळतात.

दोन तास लागतात, चालणे बरेच आहे आणि ऊनही लागते. म्हणून सकाळी उघडताच जावे. तिकीट, पार्किंग आणि आतले पाणी-सरबत धरून दोघांचे ३५० रुपये बाजूला ठेवा.

पुढे कागलनंतर कर्नाटकाची हद्द आणि कोगनोळीचा टोलनाका लागतो. निपाणी-संकेश्वरकडून गडहिंग्लज, आजरा करत रस्ता आंबोलीला चढतो. आजऱ्याला जेवणाचा थांबा सोयीचा, दोघांना ४०० रुपये. इथल्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. वाटेत घरच्यासाठी काही घ्यायचेच असेल, तर गोव्यातल्या शोभेच्या वस्तूंपेक्षा किलो-दोन किलो घनसाळ उपयोगी पडतो.

*आंबोली.* पावसाळ्यात घाटातला धबधबा रस्त्यालगत कोसळतो, पण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची इतकी दाटी होते की एकट्याने मुलाला सांभाळून गाडी उभी करणे जिकिरीचे होते. सोमवार ते शुक्रवार जमत असेल तरच उतरा. एरवी, आणि डिसेंबरनंतर धबधबा आटल्यावर तर नक्कीच, हिरण्यकेशीच्या देवळाकडे वळा. नदी इथे उगम पावते. या देवळाच्या पाण्यातच २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे या नदीचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ‘नवीन प्राणी अजून सापडतात का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला इथे कुंडाच्या काठावर उभे राहून देता येते. पाण्यात उतरू नये, बिस्किटे टाकू नयेत. थांबा छोटाच ठेवा, खर्च पार्किंगपुरता.

घाट उतरण्याआधी पोट हलके असू द्या. गाडी लागणाऱ्या मुलाला वळणांवर मोबाइल देऊ नका, समोरच्या रस्त्याकडे बघायला सांगा आणि काच थोडी खाली घ्या. औषध द्यायचेच असेल, तर डॉक्टरांना विचारून घरूनच आणलेले असावे.

*सावंतवाडी.* मोती तलावाच्या काठी गाडी उभी करून राजवाड्यात जावे. गंजिफाचे गोल पत्ते इथे हाताने रंगवले जातात. दशावतारी संचात १२० पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. कारागीर कामावर बसलेले असले, तर पाच मिनिटे मुलाला शेजारी उभे राहू द्या. पत्ता मुलाच्या तळहातात मावेल एवढा असतो, आणि त्यावर बारीक कुंचल्याने अवताराचा मुकुट रेखला जात असतो. असा प्रत्येक पत्ता वेगळा बसून रंगवावा लागतो, म्हणून पूर्ण संच हजारांच्या घरात जातो. एखादी छोटी वस्तू मात्र घेण्याजोगी मिळते. दोघांच्या प्रवेशाला आणि किरकोळ खर्चाला १५० रुपये धरा.

त्यानंतर चितार आळी. लाकडी फळे, भातुकली, भोवरे, बैलगाड्या. इथे मुलाचे स्वतःचे पैसे खर्च होऊ द्या, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. सावंतवाडीहून पणजी दीड तासाच्या अंतरावर आहे.

एका बाजूचा हिशेब

दोघांसाठी, एका मुक्कामासह:

- पेट्रोल: थांब्यांची वळणे धरून ४८० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर, म्हणजे ३२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरून ३,३६० रुपये
- टोल: ५०० रुपये
- खाणे: पहिला दिवस १,२००, दुसरा दिवस ५५० (सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात), एकूण १,७५० रुपये
- कोल्हापुरातली खोली: २,५०० रुपये आणि ५ टक्के जीएसटी, २,६२५ रुपये
- प्रवेश तिकिटे: ५०० रुपये
- पार्किंग आणि किरकोळ: २०० रुपये
- मुलाचा बटवा: ३०० रुपये

बेरीज ९,२३५ रुपये. त्यावर दहा टक्के राखीव ठेवले, की १०,२०० रुपयांच्या आत हा प्रवास बसतो.

आता तुलना करू. कुठे मुक्काम न करता एका दमात गेलात तर ३० लिटर पेट्रोलचे ३,१५०, टोलचे ५००, खाण्याचे १,००० आणि पार्किंगचे ५० असे ४,७०० रुपये होतात. फरक ४,५३५ रुपयांचा. त्यातले ३,१२५ रुपये खोलीचे आणि रात्रीच्या जेवणाचे आहेत. विहीर, संगम, कणेरी, हिरण्यकेशी, सावंतवाडी आणि मुलाची खेळणी या सगळ्यांचे मिळून उरतात फक्त १,४१० रुपये.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: महाग असतो तो मुक्काम, थांबे नव्हेत. पैशाची ओढाताण असेल, तर कोल्हापुरात नात्यागोत्यात कोणाकडे उतरा, साधी खोली घ्या, पण थांबे कापू नका. आणि एकट्याने गाडी चालवणार असाल, तर मुक्कामही कापू नका. नऊ-दहा तास गाडी हाकताना मागच्या सीटवरच्या मुलाकडे लक्ष देणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पैसे वाचतात ते इथे

*टोलचा वार्षिक पास.* १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी फास्टॅगवर वार्षिक पास मिळू लागला. सुरुवातीचे शुल्क ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतले जे आधी संपेल ते. म्हणजे नाक्यामागे १५ रुपये. जाऊन-येऊन साधारण हजार रुपये टोल धरला, तर वर्षात तीन वेळा गोवा केल्यावर पासचे पैसे वसूल होतात. महिन्या-दोन महिन्यांनी साताऱ्या-कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तो घ्यावाच. पास राजमार्गयात्रा ॲपवर मिळतो. तो त्या गाडीपुरताच असतो आणि राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबईहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तो चालत नाही.

फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना, हे निघण्याच्या आदल्या रात्री पाहा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो.

*पेट्रोल.* गेली काही वर्षे गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. जाताना टाकी काठोकाठ भरू नका. गोव्यात पोहोचण्यापुरते भरा आणि परतताना हद्द ओलांडण्याआधी टाकी पूर्ण भरा. मापाबद्दल शंका आली तर पंपावर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी पंपावर मोफत असायला हव्यात.

*खाणे.* दुकानात किंवा टपरीवर पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. टेबलावर बसून खाल्ले, तर हॉटेल जास्त दर लावू शकते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. म्हणून पाणी घरून किंवा दुकानातून घ्या आणि जेवण हॉटेलात. बिलात ‘सेवाशुल्क’ आपोआप लावलेले दिसले तर ते काढायला सांगा, ते सक्तीचे करता येत नाही. पाच टक्के जीएसटी मात्र भरावा लागतो. कोरडा खाऊ घरचा असावा: चिवडा, दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या, केळी. खाऊचा डबा मुलाच्या हाताशी असला की मधल्या मधल्या थांब्यांचे दीड-दोनशे रुपये सहज वाचतात.

*खोली.* फोनवर भाडे ठरवताना तीन प्रश्न विचारा: मुलाचे वेगळे पैसे आहेत का, नाश्त्यात मूल धरले आहे का, गाडी आवारात उभी राहील का. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. कोणी जुन्या १२ टक्क्यांनी बिल लावले तर दाखवून द्या.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कोणत्याही अडचणीत ११२. हे चारही आकडे मुलाकडून पाठ करून घ्या आणि कागदावर लिहून डॅशबोर्डवर लावा.

इथे पैसे वाचवू नका

मूल मागच्या सीटवर आणि पट्टा लावूनच बसले पाहिजे. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या गळ्यावर येतो, म्हणून उंची वाढेपर्यंत बूस्टर सीट लागते. अडीच-तीन हजारांपासून चांगली मिळते, नात्यातल्या एखाद्या मुलाची जुनी चांगल्या स्थितीतली सीट मिळाली तर उत्तमच. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर कायद्याने चालकाला १,००० रुपये दंड आहे. पण कारण दंडाचे नाही, मुलाच्या मानेचे आहे.

दुसरे, दोनच मिनिटे म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून कुठेही जाऊ नका. बिल द्यायलाही त्याला बरोबर घ्या.

तिसरे, स्वच्छतागृह. बाबा आणि मुलगी किंवा आई आणि मोठा होत आलेला मुलगा असतील, तर हा प्रश्न प्रत्येक थांब्यावर येतो. कडी लागणारी, एकाच व्यक्तीची खोली असलेला पंप किंवा मोठे उपाहारगृह निवडा, मुलाला दारापर्यंत सोडा आणि बाहेरून बोलत राहा. टिश्यू, साबणाचा कागद आणि एक जोड जादा कपडे मुलाच्या वेगळ्या पिशवीत असू द्या. स्वच्छ जागा दिसली की मुलाला लागली नसली तरी थांबा.

मुलाचा वाटा

तीनशे रुपयांचा बटवा हिशेबात मुद्दाम धरला आहे. निघताना पैसे मुलाच्या हातात द्या आणि नियम एकच ठेवा: संपले की संपले. कणेरीत आणखी एक सरबत प्यायचे, की पैसे सावंतवाडीच्या भोवऱ्यासाठी राखायचे, हे त्याला ठरवू द्या. संध्याकाळी वहीत खर्च लिहायला सांगा. टोलच्या पावत्यांची बेरीजही त्याच्याकडेच द्या. आठ-नऊ वर्षांचे मूल हे काम आनंदाने करते आणि मग ‘अजून किती लांब?’ या प्रश्नाऐवजी ‘पुढचा नाका किती रुपयांचा?’ असे विचारू लागते.

थांबे निवडतानाही एक थांबा पूर्णपणे त्याचा ठेवा. आठवडाभर आधी नकाशा पसरून तीन ठिकाणे सांगा आणि त्यातले एक त्याला निवडू द्या. मग तिथे पाय दुखले तरी ते तक्रार करत नाही, कारण ती जागा त्याने आणलेली असते.

घरात आई, बाबा, आजी, भावंडे यांच्यामध्ये वाटलेला वेळ या दोन दिवसांत दोघांचाच असतो. पुढे शाळा, शिकवण्या, परीक्षा वाढत जातात आणि असा सलग वेळ मिळेनासा होतो. वरच्या हिशेबात थांब्यांसाठी जादा लागतात ते चौदाशे रुपये आणि चार-पाच तास. तेवढे बाजूला ठेवा, थांबे आधी ठरवा आणि मगच गोव्यातली खोली आरक्षित करा.